तेल सुटलं की संपलं

आपल्याकडे मसाला झाला की नाही, ते तेल सांगतं. कांदा, खोबरं, लसूण कढईत परतत राहायचं आणि कडेनं तेल सुटलं की आधणाचं पाणी ओतायचं. भिगवणची मच्छी खानावळ असो की बारामतीतलं मटण थाळीचं हॉटेल, रश्श्यावर तर्री दिसली नाही तर गिऱ्हाईक आचाऱ्याकडे संशयानं बघतं. ही सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. स्टेकवर किंवा भाजलेल्या मासळीवर ओततात तो बटर सॉस मात्र या सवयीच्या बरोबर उलट्या अंगाला बसतो. त्यात तेल सुटलं की सॉस गेला. घरी हा सॉस बिघडतो तेव्हा बहुतेकदा कारण एवढंच असतं, की करणाऱ्याचा हात मसाला परतण्याला सरावलेला असतो.

त्यात घालायचं तसं काही फारसं नसतं. लोणी, दोन-तीन चमचे आंबट पाणी, थोडा बारीक चिरलेला कांदा, मीठ. मैदा नाही, कॉर्नफ्लोअर नाही, अंडंसुद्धा नाही. तरी चमच्याच्या पाठीला चिकटून राहील इतका दाटपणा त्याला येतो. तो कुठून येतो हे कळलं की कृती पाठ करायची गरज उरत नाही. आणि ते कळायला पॅरिसला जायला नको; पहाटे गावातल्या दूध संकलन केंद्रावर जाऊन उभं राहिलं तरी पुरे.

बारामती आणि इंदापूर हे उसाचे तालुके म्हणून ओळखले जातात, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेले. पण उसाचे पैसे कारखान्याकडून येतील तेव्हा येतात. किराणा, पोरांची फी आणि दवाखाना भागतो तो दुधाच्या पगारावर. गोठ्यात संकरित एचएफ गाई, दारात किटल्या, आणि केंद्रावर रोज सकाळ-संध्याकाळ ‘फॅट’ आणि ‘एसएनएफ’ची मोजणी. फॅट म्हणजे स्निग्धांश. एसएनएफ म्हणजे तो सोडून दुधात उरणारे घन पदार्थ: प्रथिनं, दुधातली साखर, क्षार. गाईच्या दुधाचा दर बोलला जातो तो 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला. इथून पुढे दूध टँकरनं निघतं. बारामतीच्या एमआयडीसीत श्रायबर डायनॅमिक्सचा मोठा कारखाना आहे, इंदापूर तालुक्यात गोखळीला सोनाई आहे, बारामती तालुका दूध संघाचं ‘नंदन’ आहे. यंत्रात दूध फिरवून मलई वेगळी काढली की तिचं लोणी होतं, आणि मागे राहिलेल्या स्निग्धांशरहित दुधाची पावडर. दोन्ही एकाच दुधातून निघत असल्यामुळे दूर कुठेतरी पावडरचा भाव पडला की इथल्या केंद्रावरचा दर हलतो. शेतकऱ्याला हे पटत नाही, पण हिशेब तसा आहे.

आता आपल्या कामाचा हिशेब. 3.5 फॅटच्या एक लिटर दुधात साधारण 36 ग्रॅम स्निग्धांश असतो. दुकानात मिळणाऱ्या टेबल बटरमध्ये तो नियमानं किमान 80 टक्के हवा. म्हणजे 100 ग्रॅमच्या एका पुडक्यामागे जवळपास सव्वादोन लिटर गाईचं दूध खर्ची पडतं. म्हशीचं 7 फॅटचं दूध असेल तर लिटरभराच्या थोडं वर. आणि उरलेले 20 टक्के? पाणी 16 टक्क्यांपर्यंत, मीठ 3 टक्क्यांपर्यंत, दुधातले इतर घन पदार्थ 2 टक्क्यांपर्यंत. सॉसची सगळी भिस्त या पाण्यावर आणि त्या चिमूटभर घन पदार्थांवर आहे.

दुधात आणि सायीत पाणी हे माध्यम असतं आणि स्निग्धांशाचे सूक्ष्म कण त्यात तरंगत असतात. प्रत्येक कणाभोवती प्रथिनं आणि फॉस्फोलिपिडांचं पातळ आवरण असतं, म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत. विरजलेली साय रवीनं घुसळायला लागलं की ही आवरणं फाटतात, कण एकमेकांना धरतात, आणि घुसळणाऱ्याच्या हाताला एका क्षणी फरक जाणवतो. रवी जड होते आणि लगेच हलकी होते. त्या क्षणी आत उलथापालथ झालेली असते. आता स्निग्धांश हे माध्यम झालेलं असतं, आणि पाण्याचे थेंब त्यात अडकलेले असतात. बाकीचं पाणी ताक म्हणून बाजूला. पण फाटलेल्या आवरणांचे तुकडे सगळेच ताकात जात नाहीत, थोडे लोण्यात राहतात.

हे लोणी चुलीवर ठेवलं की आपण काय करतो? कढवतो. पाणी उडून जातं, घन पदार्थ तळाशी बसून त्यांची बेरी होते, आणि वर स्वच्छ तूप राहतं. आपल्या हवेत लोणी टिकवायचा तोच शहाणा मार्ग होता. पाणी गेलं की खराब होण्याचं मुख्य कारण गेलं. फ्रीज नसलेल्या घरात लोणी चार-सहा दिवसांत खवट व्हायचं, तूप महिनोन्‌महिने राहायचं. फ्रान्समधल्या थंड हवेच्या नॉर्मंडी-ब्रिटनीत ही घाई नव्हती. तिथे लोणी लोणी म्हणूनच राहिलं आणि स्वयंपाक्यांनी त्याच्याशी खेळून बघितलं.

तो खेळ असा. चमचा-दोन चमचे गरम आंबट पाण्यात थंड लोण्याचा तुकडा टाकून फेटायचा. लोणी वितळताना त्यातला स्निग्धांश बारीक थेंबांनी पाण्यात पसरतो, आणि लोण्यात उरलेले आवरणाचे तुकडे आणि दुधाची प्रथिनं त्या थेंबांभोवती जाऊन बसतात. घुसळताना जे उलटं झालं होतं ते पुन्हा सुलटं होतं. सॉस म्हणजे लोण्याला सायीच्या दिशेनं परत नेणं. फरक असा, की बाजारात मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश 25 टक्क्यांच्या आसपास असतो आणि या सॉसमध्ये साठ टक्क्यांच्या घरात. थेंबांची इतकी दाटी झाली की त्यांना हलायला जागा राहत नाही. सॉसचा दाटपणा म्हणजे ही गर्दी. एसटीत पाय ठेवायला जागा नसली की गाडी वळणावर कितीही कलंडली तरी कुणी पडत नाही, तसं.

यातून तीन गोष्टी आपोआप कळतात. पहिली, साजूक तुपाचा हा सॉस होत नाही. तूप कितीही कणीदार असो, त्यात पाणी नाही आणि आवरणांचे तुकडेही नाहीत. ते पाण्यावर तरंगत राहील. दुसरी, लोणी आधी पातळ करून ओतायचं नाही. पातळ केलं की स्निग्धांश आणि पाणी आधीच वेगळे झालेले असतात आणि त्यांची समजूत काढणं अवघड जातं. तुकडे थेट फ्रीजमधून काढलेले हवेत, म्हणजे ते हळू वितळतात आणि तेवढ्या वेळात थेंब बारीक करायला हाताला सवड मिळते. तिसरी, उष्णता. 58 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की आवरणं टिकाव धरत नाहीत आणि तेल सुटायला लागतं. 30च्या खाली आलं की स्निग्धांश गोठून थेंब एकमेकांत अडकतात, आणि पुन्हा गरम केल्यावर सॉस फुटतो. म्हणजे राहायचं ते 45 ते 55च्या दरम्यान. घरात थर्मामीटर नसला तरी चालतं. पातेल्याच्या बाहेरच्या बाजूला तळहात दोन-तीन सेकंद ठेवता आला पाहिजे. लगेच ओढून घ्यावा लागला तर ते जास्त गरम आहे.

लोणी कोणतं घ्यावं यावर वाद घालता येईल, पण माझं मत स्पष्ट आहे: बिनमिठाचं. मिठाच्या 100 ग्रॅम पुडक्यात तीन ग्रॅमपर्यंत मीठ असतं. पावाला लावताना ते चांगलं लागतं, पण चार माणसांत 100 ग्रॅम लोण्याचा सॉस वाटायचा तर खाली मासळीला लावलेलं मीठ आणि वरचं हे मीठ मिळून जेवण खारट होतं. बिनमिठाचं मिळालं नाही तर निम्मं मिठाचं आणि निम्मं घरचं घ्यावं आणि वरून मीठ घालूच नये. घरचं विरजणाचं लोणी या सॉसला फार छान. त्यात मुळातच थोडा आंबूसपणा असतो, ताकाचे अंश असतात, आणि युरोपात आंबवलेल्या मलईचं लोणी ज्या चवीसाठी जास्त पैसे देऊन घेतात ती चव इथे फुकट मिळते. फक्त ते दोन-तीन पाण्यांनी धुतलेलं असावं आणि दाबून पाणी निथळलेलं. धुतल्याशिवाय वापरलं तर सॉस पातळ होतो. म्हशीचं लोणी पांढरं, गाईचं पिवळसर. म्हैस चाऱ्यातल्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून टाकते, गाय त्यातलं काही तसंच दुधात सोडते. म्हशीच्या लोण्याचा सॉस दिसायला फिकट होतो, चवीला काही उणं नसतं.

आता ओतायचा कशावर?

पहिला पर्याय स्टेक, म्हणजे गोमांसाचा जाड काप. महाराष्ट्रात 1976च्या प्राणी रक्षण कायद्यानं गोहत्याबंदी होतीच. 1995ला विधिमंडळानं केलेली आणि मार्च 2015मध्ये लागू झालेली दुरुस्ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. म्हशीच्या मांसाला ही बंदी नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत स्टेक म्हणून मिळतो तो म्हशीचा. बारामती-इंदापुरात घरी स्टेक करणारी घरं हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्याची चुटपूट लागण्यासारखं काही नाही. शेजारी फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेनं 1993मध्ये बोअर जातीच्या शेळ्या भारतात आणल्या, मांसासाठीच वाढवलेल्या. त्या रक्ताचे संकरित बोकड आता या पट्ट्यात सर्रास दिसतात आणि त्यांच्या अंगावर मांस भरपूर असतं. खाटकाला ‘रश्श्याचं’ न म्हणता बरगडीसकट बोटभर जाडीची चाप मागावी, कमी वयाच्या बोकडाची. तासभर आधी मीठ लावून ठेवावी, पुसून कोरडी करावी, आणि कडकडीत तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून पाच मिनिटं बाजूला ठेवावी. जून बोकडाची चाप मात्र या पद्धतीनं शिजत नाही. तिची जागा कुकरमध्येच.

पण मला विचाराल तर या सॉसची खरी जोडी मासळीशीच आहे, आणि तीही गोड्या पाण्यातल्या.

फ्रान्समध्ये हा सॉस ‘ब्युर ब्लां’, म्हणजे पांढरं लोणी, या नावानं ओळखला जातो. तो नाँतजवळच्या लुआर नदीकाठचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला क्लेमाँस लफव्र नावाची स्वयंपाकीण होती. अंड्याचा बेअर्नेझ सॉस करताना तिच्याकडून अंडी घालायची राहिली आणि हा सॉस झाला, अशी कथा तिथे सांगतात. खाद्यपदार्थांच्या जन्मकथांवर जेवढा विश्वास ठेवावा तेवढाच हिच्यावर ठेवावा. पण तो कशावर ओतला जायचा याबद्दल दुमत नाही: पाइक आणि शॅड, दोन्ही नदीत धरलेली, काट्यांनी भरलेली मासळी. समुद्राच्या मासळीला स्वतःची खारट चव असते. गोड्या पाण्यातली मासळी मऊ आणि थोडी फिकी. तिला आंबट आणि स्निग्ध असं काहीतरी लागतं. ही गरज भीमाकाठालाही आहे.

भीमेवरचं उजनी धरण 1980ला पूर्ण झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण पाण्याचा फुगवटा इंदापूर तालुक्याच्या अंगावर. गावं गेली, पळसदेवचं जुनं मंदिर पाण्याखाली गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते दिसतं. ज्यांची शेतं गेली त्यांच्यातल्या काहींनी जाळी धरली. भिगवण आज दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं, हिवाळ्यातले रोहित पक्षी आणि बारमाही मासळी. बाजारात रोहू आणि कटला असतात, वाम असते, मरळ असते, आणि सगळ्यात जास्त असते ती चिलापी. चिलापी म्हणजे तिलापिया. ती इथली नव्हे. आफ्रिकेतली ही मासळी 1952मध्ये भारतात आणली गेली आणि पुढे आपल्या जलाशयांत तिनं पाय पसरले. मच्छीमार तिच्यावर कुरकुरतात, कारण इतर मासळीला ती जागा ठेवत नाही. आपल्या कामाला मात्र ती सोयीची: काटे कमी, काप सपाट, भाव खिशाला परवडणारा. मरळ तिच्याहून चविष्ट, तिलाही मांसात बारीक काटे नाहीत. रोहूच्या मांसात दुबेळक्याच्या आकाराचे बारीक काटे असतात. रश्श्यात बोटांनी काढत खाता येतात, सॉसखाली लपले तर घशात जातात.

आंबटपणासाठी फ्रेंच लोक व्हाइट वाइन आणि व्हिनेगर आटवतात. वाइनसाठी लांब जायला नको, पाटस-बारामती रस्त्यावर रोटीला फोर सीझन्सची वायनरी आहे. चालत नसेल तर नुसतं पाणी आणि लिंबू घ्या. पण लिंबाचा रस आटवू नका, कडवट होतो. तो शेवटी पिळायचा. बाटलीतलं कृत्रिम पांढरं व्हिनेगर नाकात जातं, ते चमच्याच्या पुढे नको. आणखी एक युक्ती इथल्या द्राक्षबागायतदारांसाठी. ऑक्टोबर छाटणीनंतर घड भरू लागले की विरळणीत कच्चे मणी काढून टाकतात. कच्च्या द्राक्षांचा आंबट रस युरोपच्या स्वयंपाकघरात मध्ययुगापासून वापरात आहे आणि या सॉसला तो वाइनपेक्षाही छान जातो. अट एकच: त्या ओळीवर शेवटची फवारणी कशाची आणि कधी झाली ते विचारल्याशिवाय एकही मणी घरात आणू नये. आणि विचारल्यावर बहुधा आणावासा वाटणारही नाही.

चार माणसांपुरतं करू.

100 ग्रॅम बिनमिठाचं लोणी, फ्रीजमधून काढून सुपारीएवढ्या तुकड्यांत कापून, परत फ्रीजमध्ये. सांबारात घालतात ते छोटे कांदे दोन-तीन, अगदी बारीक चिरून. चावताना कळता कामा नयेत. तीन चमचे वाइन आणि एक चमचा व्हिनेगर, किंवा चार चमचे मासळीच्या डोक्या-काट्यांचं उकळून गाळलेलं पाणी. पातेलं स्टीलचं, जाड बुडाचं. लोखंडी तव्यात आंबट आटवलं की लोखंडाची चव उतरते आणि सॉस काळवंडतो. साध्या अ‍ॅल्युमिनियमचंही तेच.

आधी चिलापीचे काप पुसून कोरडे करा, मीठ लावा आणि तापलेल्या स्टीलच्या कढईत थोड्या तेलावर भाजा. पहिली दोन मिनिटं हलवू नका. चिकटलेला काप भाजला गेला की स्वतःहून सुटतो. काप काढल्यावर तळाशी तपकिरी खरवड राहते. ती धुऊन टाकायची चीज नव्हे. 140 अंशांच्या पुढे प्रथिनं आणि साखरेचे अंश मिळून जी प्रक्रिया होते, जिचा अभ्यास लुई कामी माय्यार या फ्रेंच संशोधकानं 1912मध्ये मांडला, तिची चव त्या खरवडीत असते. नॉनस्टिकमध्ये ती धरत नाही, म्हणून नॉनस्टिक या कामाचं नाही. जास्तीचं तेल ओतून टाका, कांदा घाला, अर्धा मिनिट परता, वाइन-व्हिनेगर ओता आणि उलथन्यानं खरवड सोडवा. मग सगळं पातेल्यात काढून आटवा. किती? पातेलं तिरकं केलं की कोपऱ्यात दोन-अडीच चमचे रस जमेल इतकं. पूर्ण कोरडं झालं तर थेंबांना तरंगायला पाणीच उरणार नाही, आणि इथेच पुष्कळ सॉस मरतात. कोरडं वाटलं तर चमचाभर पाणी घाला. शरमण्यासारखं त्यात काही नाही.

आता गॅस बारीक, घरातल्या सगळ्यात लहान बर्नरवर. दोन तुकडे टाका आणि फेटत राहा; तारेचं फेटणं नसेल तर काटा चालेल. लोण्याच्या कडा आधी मऊ होतात, मग दुधट ढग रसात पसरतो. तुकडा निम्मा वितळला की पुढचे दोन. एकदा लय सापडली की रस पारदर्शक राहत नाही, मलईसारखा अपारदर्शक होतो आणि फेटण्याचा आवाज बदलतो, खळखळ जाऊन मऊ फटफट. पातेलं दर दहा-पंधरा सेकंदांनी आचेवरून उचला. आपल्या गॅसची सगळ्यात बारीक आचसुद्धा या सॉसला जास्तच असते, त्यामुळे पातेलं आचेवर कमी आणि हातात जास्त असं व्हायला हवं. नजर कडेवर ठेवा. पातेल्याच्या भिंतीलगत पिवळी, चकाकती रेघ दिसली की समजा ती आपली ओळखीची तर्री डोकावतेय. तत्क्षणी पातेलं खाली उतरवा, दोन थंड तुकडे एकदम टाका आणि जोरात फेटा. बहुतेक वेळा सॉस सावरतो.

नाहीच सावरला, पुरता फुटला, तर दुसऱ्या वाटीत चमचाभर गार पाणी घ्या आणि फुटलेला सॉस त्यात आधी थेंबाथेंबानं, मग धारेनं ओतत फेटा. पाण्यात तेल घालायचं, तेलात पाणी नाही. हा क्रम उलटा केला की काहीच होत नाही.

सगळं लोणी संपलं की चव बघा, मीठ, लिंबू, मिरपूड घाला. कांदे गाळायचे की ठेवायचे ही ज्याची त्याची आवड, मी ठेवतो. वाढायला वेळ असेल तर पातेलं कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा, किंवा चहाचा थर्मास गरम पाण्यानं विसळून त्यात ओता, तासभर चांगला राहतो. हॉटेलांत याहून पुढे जातात: लोणी घालायच्या आधी रसात एक-दोन चमचे क्रीम आटवतात. क्रीममधल्या केसीन या प्रथिनाची कुमक मिळाली की सॉस थोडी जास्त उष्णता सोसतो. पहिल्यांदा करणाऱ्यानं ही सवलत जरूर घ्यावी. चवीत किंचित फरक पडतो, पण पाहुण्यांसमोर सॉस फुटण्यापेक्षा ते बरं.

बऱ्याच हॉटेलांत ‘बटर गार्लिक सॉस’ म्हणून जे येतं ते मात्र हे नव्हे. ते कॉर्नफ्लोअर किंवा मैद्यानं दाट केलेलं लसणाचं पाणी असतं आणि वर बटरची वडी. रात्री दीडशे ताटं काढायची तर आचारी दुसरं काय करणार? कॉर्नफ्लोअरचा सॉस उकळला तरी फुटत नाही, तासाभरानं गरम करता येतो. जिभेवर मात्र तो चिकट लागतो, आणि हा विरघळतो. सिझलरच्या लोखंडी थाळीवर वडी टाकल्यावर जो चर्र आवाज आणि धूर होतो, तो लोण्यातल्या 16 टक्के पाण्याची क्षणात वाफ झाल्याचा. तमाशा छान; सॉस म्हणून त्यात काही राहत नाही.

ज्यांना हा सगळा व्याप नको त्यांच्यासाठी एक आळशी पर्याय आहे आणि तो खरोखर चांगला आहे. मऊ लोण्यात बारीक चिरलेली कोथिंबीर, लिंबाचा रस, थोडा ओला लसूण आणि चमचाभर हिरव्या मिरचीचा खर्डा कालवा. बटर पेपरवर लांब वळकटी करून गुंडाळा आणि फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्या. चाप किंवा मासळी ताटात वाढली की वर बोटभर चकती ठेवा. ती ताटातच अर्धवट वितळते आणि मांसाच्या रसात मिसळते, फेटायचं काम तिथल्या तिथे होतं. फ्रेंचांकडे हेच पार्सली आणि लिंबू घालून करतात. जिनिव्हातल्या कॅफे द पारी या हॉटेलचं मसालेदार लोणीही याच घराण्यातलं. खर्ड्याचं लोणी भाजलेल्या मक्याच्या कणसावर, पनीरच्या जाड कापांवर, बटाट्यावरही जातं, त्यामुळे शाकाहारी घरातही ती वळकटी वाया जात नाही. फ्रीजरमध्ये महिनाभर राहते.

आणि लोण्याला तुपाच्या वाटेवर अर्ध्यातच थांबवलं तर? त्यालाही फ्रेंच नाव आहे, पण आपल्याला ते नवं नाही. लोणी कढताना बुडबुडे बारीक होतात, बेरी सोनेरी तपकिरी होते आणि घरभर खमंग वास सुटतो, त्या क्षणी आच बंद करून बेरीसकट ते मासळीवर ओतायचं, वर लिंबू. इथे तेल सुटलेलंच असतं आणि सुटलेलंच हवं. लहानपणी बेरी आणि साखर खाल्लेल्या माणसाला हा सॉस एका घासात कळतो. मरळीवर तो ब्युर ब्लांपेक्षा सरस लागतो, असं माझं मत आहे.

शेवटी उरलेल्या सॉसबद्दल, कारण तो उरतोच. तो फ्रीजमध्ये ठेवा, पण दुसऱ्या दिवशी गरम करून पुन्हा सॉस म्हणून वाढायला जाऊ नका, फुटेल. घट्ट झालेला चमचाभर काढून गरम बाजरीच्या भाकरीवर लावा किंवा उकडलेल्या बटाट्यावर टाका, आणि दोन दिवसांत संपवा.